खुर्चीची सवत

नवऱ्यावर सवत आली असती तर निशिगंधाच्या बाजूने रडायला अख्खी आळी धावली असती. तिची सवत आली ती खुर्चीवर. तिच्यासाठी कोण रडणार?

खुर्ची होती वाडीच्या टोकाच्या पत्र्याच्या शेडमध्ये. डहाणू आणि घोलवडच्या मधल्या या वाडीतले चिकू पूर्वी तिथे निवडून खोक्यांत भरत. आता तिथे लाल-काळ्या, मानेला उशी असलेल्या चार खुर्च्या होत्या. त्यांवर बसून चौघे जण मोबाईलवर लढाईचा गेम खेळत आणि त्याचा त्यांना महिन्याला पगार मिळे. ही गोष्ट निशिगंधाच्या सासूबाईंच्या, चंपाबाईंच्या, गळी कधीच उतरली नाही. "खेळायचा पगार? मग गोट्या खेळणाऱ्यांनी कुणाचं घोडं मारलंय?" असं त्या विचारत. पण उंबरगावच्या रामनाथशेठचा बादल्यांचा कारखाना होता, आणि टीमच्या टी-शर्टावर आपल्या बादलीचं चित्र छापून आल्याचं त्यांना भारी कौतुक होतं. पगार ते देत.

टीमचं नाव 'खाजण'. कॅप्टन निशिगंधाचा नवरा हितेश. दुसरा त्याचा चुलतभाऊ दीपेश, तिसरा वरोरचा बाबल्या, म्हणजे निशिगंधाच्या माहेरचा. आणि चौथी ती स्वतः. गेम समजायला सोपा: वीस टीम एका बेटावर उतरतात, एकमेकींना संपवतात, शेवटपर्यंत जी जिवंत राहील ती जिंकते. बाकीचे तिघे पुढे पळायचे. निशिगंधा मागे राहायची, गवतात पडून, डोळ्यांत तेल घालून तिघांच्या पाठीवर नजर ठेवायची. "पाठीमागे निशी आहे," एवढं म्हटलं की हितेश बेधडक घुसायचा. लग्नानंतर नवऱ्याने तिला सोन्याचं काही केलं नव्हतं, पण हे एक वाक्य ती दागिन्यासारखं अंगावर वागवायची.

मग दोन गोष्टी एकदमच झाल्या. खाजणला देशाच्या मोठ्या लीगमध्ये जागा मिळाली, आणि दिवाळीच्या तोंडावर रिया जन्माला आली.

लीग जानेवारीपासून, दर शनिवार-रविवारी. चौघांनी एका खोलीत, कॅमेऱ्यासमोर बसून खेळायचं हा नियम. एक सामना अर्ध्या तासाचा. आणि रिया अशी की पंधरा मिनिटांत तिला भूक लागायची. निशिगंधाच म्हणाली, "दुसरं कुणी बघा. माझं नाव राखीव ठेवा." शहाण्यासारखं बोलली. पण तोंडाने सोडलेली जागा जिवाने सोडलेली नसते. तिला वाटलं होतं, हितेश दोनदा तरी नको म्हणेल. तो एकदाच "खरंच ना?" म्हणाला आणि लगेच फोन लावायला बाहेर गेला.

फोन तलासरीला लागला. तिथल्या एका स्पर्धेत एका मुलीने एकटीने दीपेश आणि बाबल्या दोघांना लोळवलं होतं. संगिता तिचं नाव. कॉलेजला शेवटच्या वर्षाला होती, आईबाप शेतावर राबणारे. आठवडाभर ती तिकडूनच सराव करायची आणि शनिवारी जीपने यायची.

पहिल्या शनिवारी ती आली तेव्हा निशिगंधा ओट्यावर रियाला घेऊन बसली होती. बारीक, काळीसावळी, केस घट्ट बांधलेले, पाठीला सॅक. "वहिनी, शेड कुठंय?" एवढंच विचारलं. पाणी नको, चहा नको. निशिगंधाने बोटाने दाखवलं, आणि मग न राहवून तिच्या मागोमाग गेली. संगिता थेट तिच्या खुर्चीवर बसली आणि खालची कळ ओढून खुर्ची खाली घेतली. निशिगंधा उंच, तिने ती खुर्ची आपल्या मापाची करून ठेवली होती. त्या 'फुस्स' आवाजासरशी निशिगंधाच्या पोटात जे तुटलं, ते बाळंतपणातही तुटलं नव्हतं.

सुनेचा चेहरा चंपाबाईंच्या नजरेतून सुटला नाही. फक्त त्यांनी औषध भलत्याच दुखण्यावर दिलं. त्या रियाची दुपटी, सुई-दोरा असं सगळं घेऊन शेडच्या दारात ठाण मांडून बसल्या.

"आई, तू इथे काय करतेस?" हितेशने विचारलं.

"दुपटी शिवते."

"इथे?"

"उजेड बरा आहे," चंपाबाई म्हणाल्या आणि संगिताला डोळ्यांनी मापून काढलं. रात्रीच्या भाकऱ्या थापताना सुनेला म्हणाल्या, "तू काळजी करू नको गं. मी आहे. आमचा हितेश साधा आहे."

"आई, ती त्याला दादा म्हणते."

"सगळ्या आधी दादाच म्हणतात."

निशिगंधाला हसू आलं आणि रडूही. नवऱ्याचं तिला काहीच वाटत नव्हतं. नवऱ्याला घेऊन जाऊ दे चार दिवस, असंसुद्धा एकदा मनात आलं. पण 'पाठीमागे संगी आहे' असं तो म्हणाला तर? त्या वाक्याच्या धास्तीने ती रियाला पाजता पाजता मोबाईलवर सामना बघायची, आणि हितेशचे ओठ वाचायची.

ते वर्ष भूकंपांचं होतं. मोठा एखादाच, पण नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीची जमीन अशी कुरकुरत होती की माणसं घर सोडून तंबूत झोपत होती. संगिताच्या घराची मागची भिंत कोसळली होती. ती, तिचे वडील शुक्रा आणि आई जानी, तिघं ताडपत्रीखाली राहायचे.

लीगच्या पहिल्याच दिवशी, दुसऱ्या सामन्यात, धक्का बसला. खरा. खालून कुणी धुडूमकन बुक्की मारावी तसा. संगिता हेडफोनसकट उठून बाहेर धावली, तिच्या मागे बाबल्या, दीपेश, शेवटी हितेश. निशिगंधा रियाला छातीशी धरून आधीच अंगणात होती. बेटावर खाजणची चारही माणसं भाताच्या शेतातल्या बुजगावण्यांसारखी उभी राहिली आणि कुणी पुण्या-दिल्लीच्या पोरांनी येऊन आरामात टिपली.

"गेम गेला," दीपेश कपाळाला हात लावून म्हणाला.

"गेम गेला, तू राहिलास," चंपाबाई म्हणाल्या. त्यांनी तिथल्या तिथे चौघांना देवीची शपथ घातली: कुणा एकाला जरी हादरा जाणवला, तरी चौघांनी उठून बाहेर यायचं. विचारत बसायचं नाही. कानात बोंडं घालून बसता, तुम्हाला काय कळणार? हितेशने शपथ घेतली. लीगवाल्यांना कळवलं, त्यांनी सहानुभूती दाखवली आणि नियमात तशी सोय नसल्याचं सांगितलं.

दुसऱ्या शनिवारी निशिगंधा स्वयंपाकघरात होती. मागच्या बाजूने, वाडीपलीकडून मालगाडी चालली होती. भरलेली असावी, कारण मांडणीवरची पितळेची भांडी बारीक किणकिणायला लागली. साध्या गाडीला ती हलत नाहीत. निशिगंधाला या घरात पाय ठेवल्यावर पहिल्याच आठवड्यात हे शिकायला लागलं होतं. वरोरला रूळ नाहीत. नवी नवरी असताना, जेवणाच्या ताटावरून ती अशीच एका मालगाडीला घाबरून अंगणात धावली होती आणि सगळं घर पोट धरून हसलं होतं. भूकंप खालून एकदम येतो. गाडी लांबून येते, वाढते, रेंगाळते आणि जाते. पायांना फरक कळायला दिवस लागतात.

तेवढ्यात शेडमधून संगिता बाहेर धावली. मागे शपथेने बांधलेले तिघे. अंगणात एकच गोंधळ. कुत्रा भुंकतोय, चंपाबाई देवाचं नाव घेतायत, दीपेश "लांब व्हा, भिंतीपासून लांब व्हा" ओरडतोय. गाडीचा धडधडाट चालूच होता; पण जन्मापासून त्या आवाजात झोपलेल्यांना गाडी ऐकू येत नाही, जसा आपल्याला आपला श्वास ऐकू येत नाही. बाबल्या परगावचा, पण त्याच्या कानांवर हेडफोन होता. आणि संगिताला आता जमिनीची प्रत्येक थरथर आपल्या पडलेल्या भिंतीची वाटत होती.

निशिगंधा मागच्या दारात आली. "अगं, गाडी—" इतकं तिच्या ओठांपर्यंत आलं.

आणि तिने ते गिळलं.

का गिळलं, ते तिला तेव्हाच ठाऊक होतं. उगाच भोळेपणाचा आव कशाला? शेडमध्ये तिची खुर्ची रिकामी पडली होती आणि ती रिकामी बघून तिला बरं वाटलं होतं, तापलेल्या पाठीला गार भिंत लागावी तसं.

पुढच्या दोन आठवड्यांत असं पुन्हा पुन्हा झालं. कधी खेळ रंगात आलेला, कधी नुकते उतरलेले, आणि संगिता उठून धावायची. बाकीचे शपथेला बांधलेले. लीगचा समालोचक म्हणायला लागला, "खाजणची मंडळी पुन्हा फिरायला निघाली वाटतं!" व्हिडिओखाली लोक भित्र्या शेळीची चित्रं टाकायचे. यादीत खाजण विसावी, म्हणजे सगळ्यांच्या तळाशी. रामनाथशेठ एकदा गाडी घेऊन आले, शेडमध्ये उभे राहिले आणि म्हणाले, "भूकंप तुमच्याच घरी येतो काय रे? उंबरगावात तर माझा चहासुद्धा हलत नाही. का माझी बादली बुडवायचा नेम केलाय?"

संगिता मान खाली घालून उभी. निशिगंधा चहाचा ट्रे घेऊन दारात. ट्रेमधल्या कपांपेक्षा तिचं काळीज जास्त वाजत होतं. आनंदाने.

अजून एक गोष्ट तिने पाहिली होती आणि तीच तिला जास्त जाळत होती. पळायची वेळ आली नाही, त्या एका सामन्यात संगिताने अशी काही पाठ राखली होती की निशिगंधाला स्वतःला तसं जमलं नसतं. नारळाच्या झाडाआड उभी राहून तिने एका मागोमाग तिघांना आडवं केलं होतं. हितेश ओरडला होता, "संगे, वाघीण आहेस!" निशिगंधाने मोबाईल पालथा घातला आणि रियाला उगाचच उठवून पाजायला घेतलं.

शेवटी हितेश बोलला. रियाला पाळण्यात झोका देत, बायकोकडे न बघता. "शेठ म्हणतात, बदल करा. तुझं नाव राखीव आहेच. आई रियाला सांभाळेल. बसतेस?"

"संगिताला काय वाटेल?" निशिगंधाने विचारलं. असं विचारावं लागतं.

"तिलाच सुटल्यासारखं होईल. बिचारी घाबरते."

त्या शनिवारी निशिगंधा न्हाऊन, वेणी घालून शेडमध्ये गेली. कळ दाबली, खुर्ची आपल्या उंचीवर आणली. पण चंपाबाईंना रानशेतच्या नणंदेकडे कार्याला जावं लागलं, आणि रिया राहिली संगिताकडे. राखीव खेळाडूने हजर राहायचंच असतं, मग रिकामी बसून काय करायचं?

"आणा इकडे, वहिनी. मला सवय आहे पोरांची."

सामना सुरू झाला. बोटं गंजली होती. जिथे डोळ्याआधी हात जायचा तिथे आता हाताला विचार करावा लागत होता. शेडचं दार उघडं होतं आणि समोर ओट्यावर संगिता बसली होती, रियाला पायांवर आडवी टाकून, कसलंसं गाणं पुटपुटत. रिया गप्प. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली, तरी गप्प! ही पोरगी आपल्याकडे कधी एवढा वेळ गप्प राहिली होती? खुर्ची मिळाली आणि निशिगंधाचं लक्ष ओट्यावर. देवाने मत्सराला डोळे किती दिलेत कोण जाणे. जिकडे आपण नाही तिकडे त्याला बरोबर दिसतं.

त्याच वेळी पायाखाली थरथर आली. लांबून, वाढत. निशिगंधा जागची हललीसुद्धा नाही. पायांनी ओळखलं होतं.

ओट्यावर मात्र संगिता ताडकन उठली, रियाला खांद्याशी घट्ट धरून. आणि मग थांबली. अंगणातून दिसत नाहीत, पण ओट्याच्या उंचीवरून, झाडांच्या फटीतून, रूळ दिसतात. तिने आधी इंजिन पाहिलं होतं, मग एकामागून एक काळे डबे, आणि त्यानंतर ओटा थरथरला होता. आज कानांवर हेडफोन नव्हता. शेवटचा डबा जाईपर्यंत ती तशीच उभी राहिली. मग तिने वळून शेडमध्ये पाहिलं. निशिगंधा शांत बसलेली.

सामना संपला. खाजण नववी आली. पहिल्यांदाच कुणी पळालं नव्हतं. पोरं टाळ्या देत चहाला गेली. संगिता दारात आली.

"वहिनी, मघाशी गाडी गेली."

"हं."

"तुम्ही उठला नाहीत."

निशिगंधाने रियासाठी हात पुढे केले. संगिताने रियाला दिलं नाही.

"माझ्या वेळेला पण गाडीच होती ना?"

आता खोटं बोलायला जागा होती. 'मला काय ठाऊक' म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण आपली मुलगी तिच्या खांद्यावर झोपलेली, आणि भीतीच्या पहिल्या झटक्यातही संगिताने तिला किती जपून धरलं होतं, ते निशिगंधाने पाहिलं होतं.

"पहिल्या दिवशी भूकंप होता. नंतर गाडीच."

"आणि तुम्हाला ठाऊक होतं."

"होतं."

"आमची भिंत पडलीये, वहिनी." संगिताचा आवाज चढला नाही, खाली गेला. "माझी आय त्या भिंतीला टेकून बसायची रोज. मी नखरे करत नव्हते. लोक शेळी म्हणतात मला. आणि तुम्ही इथे चहा आणून देत होतात. तोंड उघडायला काय झालं होतं?"

"जळत होते मी."

"माझ्यावर?"

"मग काय खुर्चीवर? तू बसलीस माझ्या जागेवर. आणि चांगली बसलीस."

"मग तोंडावर सांगून जळायचं," संगिता म्हणाली. "मी नाही जळत? तुम्ही म्हणता तिकडे दादा न बोलता वळतो. मला तीनदा सांगायला लागतं. बाबल्या तर प्रत्येक वेळी म्हणतो, निशीताई असती तर असं केलं असतं. कान किटले माझे तुमच्या नावाने." तिने रियाला अलगद निशिगंधाच्या हातात ठेवलं. "पुढच्या शनिवारी शेवटचे सामने. खुर्ची माझी. दादाला तुम्ही सांगा. मी चुगल्या करणार नाही."

निशिगंधाने सांगितलं. हितेशचा घास हातातच राहिला. "मालगाडी?" तो म्हणाला. "इथून मालगाडी जाते तेव्हा हलतं?" मग सगळं नीट डोक्यात शिरलं आणि तो ताटावरून उठला. दोन दिवस तो तिच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी बोलला ते एवढंच: "टीम बुडवलीस, निशी. परक्याने बुडवली असती तर शिव्या तरी दिल्या असत्या." चंपाबाईंनी मात्र सुनेची बाजू घेतली. नवऱ्यासाठी बाई काय काय करते, असं त्या आल्या-गेल्याला सांगत सुटल्या. त्यांचा गैरसमज दूर करायचं त्राण निशिगंधात उरलं नव्हतं.

तोडगा संगितानेच काढला. घाबरणं एका आठवड्यात जाणार नव्हतं, आणि शपथही मोडायची नव्हती. "वहिनींनी माझ्या मागे उभं राहायचं," ती म्हणाली. "कानात काही न घालता. हादरलं की माझ्या खांद्यावर हात. गाडी असेल तर खाली दाबायचा. भूकंप असेल तर ओढायचं, मग सगळे पळू."

"आणि तिने गाडीला ओढलं तर?" दीपेशने विचारलं. हसत, पण पुरतं हसत नव्हता.

"बघू की," संगिता म्हणाली.

शेवटच्या रविवारचा शेवटचा सामना. यादीत वर येण्याची आशा कधीच संपली होती. पण तळातल्या चार टीमना पुढच्या वर्षी लीगमध्ये जागा नव्हती, आणि हा एक सामना जिंकला तर खाजण त्या चारांच्या जेमतेम वर सरकणार होती. निशिगंधा खुर्चीमागे उभी, कडेवर रिया, उजवा हात संगिताच्या खांद्यावर. जिथे ती बसायची तिथे आता तिला फक्त एक घट्ट बांधलेली वेणी दिसत होती, आणि वेणीच्या पलीकडे, लहानशा पडद्यावर, तीन टीम उरलेल्या. बाबल्या पडला. दीपेशही पडला. हितेश पुढे घुसला आणि त्याच्या तोंडून ते वाक्य निघालंच: "पाठीमागे संगी आहे."

आणि थरथर आली.

लांबून, वाढत. भरलेली गाडी. निशिगंधाच्या हाताखाली संगिताचा खांदा दगडासारखा ताठ झाला. ती वाट बघत होती. डोळे पडद्यावर, बोटं काचेवर, आणि सगळा जीव त्या खांद्यात. फक्त ओढायचं होतं. हाताला काय लागतं? 'मला भूकंपच वाटला' म्हटलं तर कोण पुरावा मागणार होतं, या साली, या गावात? ते वाक्य अजून कानात चटके देत होतं. निशिगंधाची बोटं संगिताच्या टी-शर्टात रुतली, बादलीच्या चित्रात.

ताडपत्रीखाली राहणाऱ्या मुलीने आपला जीव तिच्या हातात देऊन डोळे दुसरीकडे लावले होते. इतका भरवसा निशिगंधावर हितेशनेसुद्धा कधी ठेवला नव्हता; तो तर फक्त बेटावर मरणार होता.

तिने दाबलं. जोरात, दुखेल इतकं.

संगिता हलली नाही. झाडाआडून एक टिपला. गाडी रेंगाळत गेली. दुसरा. हितेश पडला, ती एकटी उरली, समोर एकच. ती गवतात आडवी झाली. "थांब," निशिगंधाच्या तोंडून नकळत निघालं, "थांब, तो उठेल," आणि तो उठला. मग पडद्यावर सोनेरी अक्षरं आली आणि शेडमध्ये असा काही आरडाओरडा झाला की रिया भोकाड पसरून रडायला लागली. दीपेश आणि बाबल्याने संगिताला खुर्चीसकट उचललं. हितेश तिच्या डोक्यावर टपल्या मारत नाचत होता. समालोचकाने चौघांची नावं घेतली. पाचवं घेतलं नाही. ते घ्यायची पद्धत नाही.

निशिगंधा रियाला थोपटत बाजूला उभी राहिली. जळत होतंच. कमी झालं होतं असंही नाही.

खुर्ची खाली टेकली तेव्हा संगिताने हेडफोन काढला आणि खांदा चोळला. "वहिनी, हात आहे का पहार? वळ उठले असतील."

"उठू देत," निशिगंधा म्हणाली. "पुढच्या सीझनपर्यंत ही चालायला लागेल. तेव्हा ती खुर्ची मी घेणार आहे. तोंडावर सांगून ठेवते."

"घ्या की," संगिता म्हणाली आणि खुर्चीत आणखी मागे रेलून बसली. "येते का बघा घेता."